वाऱ्याचा खर्च कोण भरतो?

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं छप्पर वादळात उडालं, असं समजू. नवं छप्पर घालायचे पैसे येणार कुठून? पहिले काही हजार डॉलर तिच्याच बचतीतून जातील. त्यानंतर तिची विमा कंपनी पैसे देईल. पण त्या कंपनीनं आपल्या डोक्यावरचा मोठा बोजा आधीच बर्म्युडा, लंडन, झुरिक, म्युनिक इथल्या कंपन्यांकडे सोपवलेला असतो. थोडा बोजा दूरदेशीच्या पेन्शन फंडांनी उचललेला असतो, थोडा राज्य सरकारच्या एका खास निधीनं. आणि वादळ फारच मोठं निघालं, तर समुद्रापासून दूर, जॉर्जियाच्या सीमेलगत राहणाऱ्या एखाद्या माणसाच्या मोटारविम्याच्या बिलातही पुढची कित्येक वर्षं एक छोटीशी रक्कम वाढून येते.

एका रात्रीचा वारा इतक्या लांबच्या खिशांपर्यंत जाऊन पोचतो, याचं आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. टीव्हीवर आपल्याला वादळाचा डोळा दिसतो, वाकलेले माड दिसतात, पाण्यात बुडालेले रस्ते दिसतात. त्यानंतर वर्षानुवर्षं चालणारा वाद मात्र दिसत नाही. हा सगळा खर्च कोणी उचलायचा, यावरून फ्लोरिडात गव्हर्नर निवडून आले, मोठमोठ्या कंपन्यांनी राज्य सोडण्याची भाषा केली, कायदे झाले आणि पुन्हा बदलले. तीस वर्षांहून अधिक काळच्या या झगड्यातून मला एकच गोष्ट स्वच्छ दिसते. वाऱ्याचा खर्च कायदा करून नाहीसा करता येत नाही, तो फक्त एका दारातून दुसऱ्या दारात सरकवता येतो. तो खरोखर कमी करायचा असेल तर छपरावर चढावं लागतं.

एकाच पहाटे सगळ्यांची पाळी

विमा एका साध्या गणितावर चालतो. एखाद्या शहरात एक लाख घरं असतील, तर वर्षभरात त्यांतल्या साधारण किती घरांना आग लागेल हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. कोणत्या घराला लागेल ते कोणालाच ठाऊक नसतं, पण एकूण आकडा दर वर्षी त्याच्या आसपास राहतो. एका गल्लीत लागलेल्या आगीचा चार मैलांवरच्या घराशी संबंध नसतो. म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्यानं घ्यायचं, हे जमून जातं.

चक्रीवादळ नेमका हाच पाया उखडतं. चाळीतली भिशी चालते, कारण दर महिन्याला एकाचाच नंबर लागतो. वीसच्या वीस जणांचा नंबर एकाच रात्री लागला, तर डब्यातले पैसे पुरणार कसे? वादळात तसंच होतं. कित्येक वर्षं एकही मोठा दावा येत नाही, आणि मग एका पहाटे लाखभर दावे एकदम येऊन पडतात. वर्षाकाठची सरासरी काढायला गेलं तर ती निघते, पण त्या सरासरीएवढं नुकसान प्रत्यक्षात जवळजवळ कोणत्याच वर्षी होत नाही. शांततेच्या वर्षांत कंपनीला वाटतं आपण नफ्यात आहोत. घरमालकाला वाटतं आपण उगाच पैसे भरतोय. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या पुढाऱ्याला वाटतं, हप्ते कमी करण्याचं वचन द्यायला काहीच हरकत नाही. वादळ येईपर्यंत या तिघांनाही खोटं ठरवणारं काही घडत नाही.

अँड्र्यू आणि एक फॅक्स

24 ऑगस्ट 1992 च्या पहाटे अँड्र्यू नावाचं वादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेड गावाजवळ किनाऱ्याला धडकलं. नाव मिळालेलं ते त्या वर्षातलं पहिलंच वादळ. म्हणजे ऑगस्ट संपत आला तरी तो मोसम तसा शांतच गेला होता. काही तासांत पंचवीस हजारांहून अधिक घरं जमीनदोस्त झाली आणि आणखी लाखभर घरांचं नुकसान झालं. कारखान्यात तयार करून आणून बसवलेली, ज्यांना तिकडे मोबाइल होम म्हणतात, अशी 1,176 घरं होमस्टेडमध्ये होती. त्यांतली 1,167 नष्ट झाली. वारा मोजणारी अनेक यंत्रंही त्याच वाऱ्यानं मोडून टाकली, त्यामुळे ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं वादळ होतं हे शास्त्रज्ञांनी तब्बल दहा वर्षांनी, 2002 मध्ये, फेरतपासणी करून ठरवलं.

त्याच दिवशी बॉस्टनमधल्या एका छोट्या कंपनीतून विमा कंपन्यांना एक फॅक्स गेला. कंपनी कॅरेन क्लार्क यांची. 1987 मध्ये त्यांनी ती सुरू केली होती, वादळांच्या नुकसानीचा संगणकावर अंदाज बांधण्यासाठी. फॅक्समध्ये लिहिलं होतं की या वादळाचे विम्याचे दावे 13 अब्ज डॉलरच्याही वर जाऊ शकतात. विमा व्यवसायातल्या अनुभवी लोकांना हा आकडा अशक्य वाटला. तोवरचा उच्चांक होता 1989 च्या ह्यूगो वादळाचा, सुमारे 4 अब्जांचा. अँड्र्यूचे दावे अखेर सुमारे साडेपंधरा अब्जांवर जाऊन थांबले. अनेक कंपन्या बुडाल्या. ऑलस्टेटसारख्या बलाढ्य कंपनीनं फ्लोरिडात कित्येक दशकांत जेवढा नफा कमावला होता, त्याहून जास्त रक्कम तिला एका वादळासाठी मोजावी लागली.

अनुभवी लोक चुकले आणि संगणकाचा आकडा खऱ्याच्या जवळ गेला, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कंपन्या आपापले जुने दावे पाहत होत्या. पण जुन्या वादळांच्या वेळी तिथे घरंच किती होती? 1950 मध्ये फ्लोरिडाची लोकसंख्या 28 लाखांच्या आत होती, 2020 मध्ये ती 2 कोटी 15 लाखांवर गेली. समुद्र पूर्वीचाच होता, वारंही नवं नव्हतं, पण त्याच्या वाटेत आता शहरं उभी होती. 1926 च्या सप्टेंबरमध्ये मायामीला झोडपणारं वादळ जसंच्या तसं आज आलं, तर नुकसान 200 अब्ज डॉलरच्या वर जाईल असा संशोधकांचा हिशेब आहे.

क्लार्क यांनी भूतकाळातल्या दाव्यांऐवजी भूतकाळातली वादळं घेतली आणि ती आजच्या घरांवरून फिरवली. आज या पद्धतीचा विस्तार थक्क करणारा आहे. शंभर-दीडशे वर्षांत नोंदलेल्या वादळांचे मार्ग, त्यांचा दाब, वेग, रुंदी यांवरून संगणक दहा-दहा हजार काल्पनिक वर्षांची वादळं तयार करतो. कधीच न आलेली, पण येऊ शकतील अशी ही वादळं. मग त्यांतलं प्रत्येक वादळ नकाशावरच्या प्रत्येक घरावरून जातं. घर कधी बांधलं, भिंत लाकडाची की काँक्रीटची, छप्पर चारी बाजूंनी उतरतं की दोनच, खिडक्यांना झडपा आहेत का, हे सगळं त्यात धरलेलं असतं. एका घराच्या पॉलिसीवर छापलेल्या हप्त्यामागे अशी हजारो न घडलेली वादळं उभी असतात. मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीनं तर सरकारी पैशातून असंच एक सार्वजनिक मॉडेल तयार केलं, कारण हप्त्यांचा आधार असलेले आकडे फक्त खाजगी कंपन्यांच्या ताब्यात असू नयेत असं राज्याला वाटलं.

बर्म्युडापर्यंत जाणारा वारा

अँड्र्यूनंतर जगातल्या पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्यांनी, हात आखडता घेतला. भांडवल कमी आणि दर चढे, अशी स्थिती झाली. त्या संधीवर बर्म्युडा बेटावर अब्जावधी डॉलर घेऊन नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. रेनेसान्स री आणि पार्टनर री या दोन्ही 1993 च्या. स्वतः अटलांटिकच्या वादळवाटेवर असलेलं हे चिमुकलं बेट साऱ्या जगाच्या वादळांचा बोजा वाहणारं केंद्र बनलं.

हा बोजा थरांनी वाटला जातो. वादळाच्या नुकसानीतले पहिले काही कोटी विमा कंपनीचे स्वतःचे, त्याच्या वरचा थर एका पुनर्विमा कंपनीचा, त्याच्या वरचा दुसरीचा. जितका थर वरचा, तितकी तिथवर पाणी चढण्याची शक्यता कमी आणि तितका त्याचा दरही कमी. फ्लोरिडातले हे करार बहुतांशी 1 जूनला नव्यानं होतात, ज्या दिवशी अटलांटिकचा वादळी मोसम अधिकृतपणे सुरू होतो.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे वादळाचे रोखे. यूएसएए ही सैनिकांच्या कुटुंबांचा विमा उतरवणारी कंपनी. तिनं 1997 मध्ये 47 कोटी 70 लाख डॉलरचे असे रोखे विकले. गुंतवणूकदारानं पैसे द्यायचे, त्यावर चांगलं व्याज घ्यायचं, आणि ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या तोडीचं वादळ आलं तर मुद्दलावर पाणी सोडायचं. शेअर बाजार कोसळल्यामुळे वादळ येत नाही आणि वादळ आल्यामुळे साऱ्या जगाचे बाजार कोसळत नाहीत, म्हणून पेन्शन फंडांसारख्या मोठ्या गुंतवणूकदारांना हे रोखे आवडतात. दुसऱ्या खंडातल्या एखाद्या नोकरदाराच्या म्हातारपणच्या पुंजीचा एक कण अशा रीतीनं फ्लोरिडाच्या छपरावर ठेवलेला असतो.

पण जगभर बोजा वाटला म्हणजे तो संपला, असं होत नाही. 28 सप्टेंबर 2022 ला इयन वादळानं फोर्ट मायर्स आणि सॅनिबेलचा किनारा उद्ध्वस्त केला. एकूण नुकसान 110 अब्ज डॉलरच्या पुढे गेलं. त्यानंतरच्या करारांत पुनर्विम्याचे दर कडाडले आणि ती वाढ वर्षभरात घरमालकांच्या हप्त्यांत उतरली.

हप्ता ठरवायचा कोणी?

अमेरिकेत विम्याचं नियमन केंद्र सरकार करत नाही. 1945 च्या एका कायद्यानं तो अधिकार राज्यांकडे ठेवला आहे. कंपनीला हप्ता वाढवायचा असेल तर राज्याच्या विमा अधिकाऱ्यांपुढे कागद मांडावे लागतात. राजकारण शिरतं ते इथूनच, आणि ते शिरणं स्वाभाविकही आहे. हप्ता परवडला नाही तर माणसाला घर सोडावं लागतं. त्या माणसाकडे मत असतं. समोर मांडलेलं संगणकाचं मॉडेल मत देत नाही.

अँड्र्यूनंतर फ्लोरिडानं तीन मोठी पावलं उचलली. एका फटक्यात हजारो पॉलिसी बंद करून निघून जाण्यावर कंपन्यांना मर्यादा घातली. 1993 मध्ये राज्याचा स्वतःचा वादळ निधी काढला, जो विमा कंपन्यांना बाजारापेक्षा स्वस्तात पुनर्विमा देतो. आणि ज्यांना कोणीच विमा देत नाही त्यांच्यासाठी सरकारी व्यवस्था उभी केली. तिचे आधीचे दोन भाग एकत्र करून 2002 मध्ये सिटिझन्स प्रॉपर्टी इन्शुरन्स कॉर्पोरेशन ही ना-नफा संस्था जन्माला आली.

सिटिझन्सचे पैसे संपले तर काय करायचं, याचं उत्तर कायद्यातच आहे. तूट राज्यातल्या इतर विमाधारकांकडून वर्गणी लावून भरून काढायची. 2004 मध्ये चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन आणि जीन अशी चार वादळं लागोपाठ आली, 2005 मध्ये विल्मा आलं, आणि सिटिझन्सची तिजोरी रिकामी झाली. विधिमंडळानं करदात्यांचे 71 कोटी 50 लाख डॉलर ओतले, तरीही तूट उरलीच. ती भरायला लावलेली वर्गणी मोटारविम्यासह अनेक पॉलिसींवर बसली आणि 2015 पर्यंत वसूल होत राहिली. ज्यांनी समुद्र वर्षातून एकदा सुट्टीत पाहिला असेल, अशा कुटुंबांनीही दहा वर्षांपूर्वीच्या वाऱ्याचे पैसे भरले.

2006 च्या निवडणुकीत चढे हप्ते हा मोठा मुद्दा होता. चार्ली क्रिस्ट गव्हर्नर झाले आणि जानेवारी 2007 मध्ये खास अधिवेशनात नवा कायदा झाला. सिटिझन्सचे दर खाली आणून गोठवले गेले, आणि राज्याच्या वादळ निधीनं आणखी मोठा बोजा अंगावर घेतला. लोकांना दिलासा मिळाला आणि तो खरा होता, कारण पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या हातात दर महिन्याला काही डॉलर जास्त उरले. पण धोका तेवढाच राहिला होता. जी संस्था शेवटचा आसरा म्हणून काढली होती, तीच स्वस्त पडल्यामुळे राज्यातली सर्वांत मोठी गृहविमा कंपनी झाली. पुढे 2009 च्या जानेवारीत, 47.1 टक्के दरवाढ नाकारली गेल्यावर स्टेट फार्म या विमा कंपनीनं फ्लोरिडातून बाहेर पडण्याची घोषणा केली. वर्षअखेरीस तडजोड झाली आणि कंपनी राहिली, पण सव्वा लाख पॉलिसी सोडून.

मग नशिबानं साथ दिली. ऑक्टोबर 2005 च्या विल्मानंतर थेट सप्टेंबर 2016 पर्यंत एकही हरिकेन, म्हणजे तीव्र चक्रीवादळ, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलं नाही. जवळजवळ अकरा वर्षांचा हा खंड. सिटिझन्सच्या पॉलिसी घेऊन छोट्या स्थानिक कंपन्या वाढल्या. भांडवल थोडं, पुनर्विम्यावर भिस्त मोठी. 2017 मध्ये अर्मा आलं, 2018 मध्ये मायकेलनं मेक्सिको बीच गाव जवळजवळ पुसून टाकलं, आणि या कंपन्यांचं बळ किती ते उघडं पडलं.

त्याच काळात वाऱ्याखेरीज आणखी एक ओझं वाढत होतं, कोर्टाचं. ठेकेदार दारोदार जाऊन सांगत, आमच्या कागदावर सही करा, छप्पर आम्ही बदलून देतो, विमा कंपनीशी आम्ही बघून घेऊ. कंपनी हरली तर समोरच्या वकिलाची फी तिनंच द्यायची, असा कायदा होता. मुळात तो बलाढ्य कंपनीपुढे एकट्या पडणाऱ्या घरमालकाला बळ देण्यासाठी केलेला. परिणाम असा झाला की देशभरातल्या गृहविम्याच्या दाव्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी दावे फ्लोरिडातले, पण खटल्यांपैकी पाऊण हिश्शाहून अधिक फ्लोरिडातले. 2022 मध्ये आणि 2023 च्या सुरुवातीला अर्धा डझनाहून अधिक कंपन्या बुडाल्या. डिसेंबर 2022 मध्ये विधिमंडळानं वकील-फीची ती तरतूद आणि दावा ठेकेदाराच्या नावे करण्याची सोय, दोन्ही काढून टाकली. 2023 च्या शरदात 14 लाखांपर्यंत चढलेल्या सिटिझन्सच्या पॉलिसी 2024 अखेर दहा लाखांच्या खाली आल्या. काही जण याला यश म्हणतात. ज्यांचा खरा दावा नाकारला जातो त्यांना आता वकील मिळणं कठीण झालंय, असं काही जण सांगतात. दोन्ही बाजूंचं म्हणणं गांभीर्यानं ऐकायला हवं, कारण खटल्याचा खर्च कंपनीवरून उतरला तेव्हा त्याचा काही भाग दुबळ्या घरमालकाच्या खांद्यावर गेला आहे.

वारा की पाणी?

बाहेरच्या माणसाला सर्वांत चकित करणारी गोष्ट ही की अमेरिकेतला नेहमीचा गृहविमा वाऱ्याचं नुकसान भरून देतो, पुराचं देत नाही. समुद्राचं पाणी वादळानं ढकलत आणलं तरी कागदावर तो पूर. त्यासाठी 1968 पासून केंद्र सरकारचा वेगळा पूरविमा आहे, आणि त्यात घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळतात.

29 ऑगस्ट 2005 ला कतरिना वादळानं मिसिसिपीच्या किनाऱ्यावरची घरं अशी नेली की जमिनीवर नुसता काँक्रीटचा चौथरा उरला. भिंती नाहीत, छप्पर नाही, पुरावाही नाही. आधी वाऱ्यानं घर मोडलं की आधी लाटेनं? उत्तर वारा असेल तर खाजगी कंपनी पैसे देणार, पाणी असेल तर नाही. सिनेटर ट्रेंट लॉट यांचं पॅस्कागूलातलं घर असंच गेलं आणि त्यांनाही आपल्या विमा कंपनीवर दावा लावावा लागला. अभियंते आणि हवामानतज्ज्ञ कोर्टात एका सकाळचा तासातासाचा वृत्तांत जुळवत बसले.

सरकारी पूरविम्याचे दर बराच काळ खऱ्या धोक्याहून कमी ठेवले गेले. तूट कर्जानं भरली आणि 2017 मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, त्यातले 16 अब्ज डॉलर माफ केले, म्हणजे साऱ्या देशाच्या करदात्यांनी भरले. 2012 मध्ये दर खऱ्या धोक्याशी जुळवण्याचा कायदा झाला. वाढीव बिलं हाती पडताच किनाऱ्यावरून इतका ओरडा झाला की 2014 मध्ये त्याच काँग्रेसनं माघार घेतली. 2024 मध्ये हेलीन वादळाचा पाऊस समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत कोसळला. तिथल्या फारच थोड्या घरांना पूरविमा होता.

तीस वर्षांचं कर्ज, एका वर्षाचा विमा

या गोष्टीचा कणा एका विसंगतीत आहे. घराचं कर्ज तीस वर्षांचं असतं, विम्याची पॉलिसी एका वर्षाची. बँक सांगते की कर्ज फिटेपर्यंत विमा असलाच पाहिजे. विमा कंपनी दर वर्षी नव्यानं ठरवते की द्यायचा की नाही आणि कितीला. कर्जाचा हप्ता ठरलेला, विम्याचा अनिश्चित. लुइझियानात लॉरा आणि आयडा वादळांनंतर कंपन्या बुडाल्या, तेव्हा 2023 मध्ये तिथल्या सरकारी विमा संस्थेनं दर एकदम 63 टक्क्यांनी वाढवले. ज्यांचं घर तसंच उभं होतं, एक कौलही हललं नव्हतं, त्यांचंही महिन्याचं गणित कोलमडलं.

त्यात डिडक्टिबल, म्हणजे दाव्यातली आपण स्वतः सोसायची रक्कम. अँड्र्यूनंतर फ्लोरिडात ती वादळासाठी टक्क्यांत मोजू लागले. चार लाख डॉलरच्या घराला दोन टक्के म्हणजे आठ हजार, पाच टक्के म्हणजे वीस हजार. हप्ता कमी दिसावा म्हणून पुष्कळ जण मोठी टक्केवारी निवडतात, आणि वादळानंतर कळतं की विमा असूनही छप्पर आपल्यालाच घालायचंय. ज्यांचं कर्ज फिटलंय त्यांतले काही जण विमाच सोडून देतात. हा निर्णय गरीब आणि म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला येतो, म्हणून त्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते.

खिळ्यांचं शास्त्र

आता छपराकडे. जोराचा वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो. विमानाच्या पंखावर चालतं तेच हे बळ. एखादी खिडकी किंवा गॅरेजचं दार फुटलं की वारा आत घुसून खालूनही ढकलतो, आणि छप्पर उचललं जातं. अँड्र्यूनंतरच्या पाहणीत दिसलं की कित्येक घरांच्या छपरांच्या फळ्या नीट खिळलेल्याच नव्हत्या. कुठे खिळ्यांऐवजी स्टेपल मारलेले, कुठे खिळा खालच्या लाकडाला चुकवून गेलेला. त्यातून फ्लोरिडाची कडक बांधकाम संहिता तयार झाली, ती 2002 मध्ये राज्यभर लागू झाली. त्यानंतर बांधलेली घरं पुढच्या वादळांत जुन्यांपेक्षा कितीतरी चांगली टिकली.

साउथ कॅरोलिनातल्या रिचबर्ग इथे विमा उद्योगानं 2010 मध्ये एक प्रयोगशाळा उघडली. तिथे 105 प्रचंड पंख्यांची भिंत आहे. तिच्यासमोर पूर्ण आकाराची खरीखुरी घरं बांधतात आणि वारा सोडून पाडून बघतात, कोणता सांधा आधी सुटतो ते पाहायला. त्या अभ्यासातून निघालेल्या शिफारशी साध्या आहेत: आटे असलेले खिळे जवळजवळ मारा, फळ्यांमधल्या फटी सीलबंद करा म्हणजे वरचं आवरण उडालं तरी पाऊस आत येणार नाही, छपराच्या कडा घट्ट बांधा.

अलाबामानं हे मनावर घेतलं. तिथे अशी छपरं असलेल्या घरांना हप्त्यात सूट देणं कंपन्यांना कायद्यानं बंधनकारक आहे, आणि जुनं छप्पर मजबूत करायला राज्य दहा हजार डॉलरपर्यंत अनुदान देतं. हे पैसे येतात विमा उद्योगाकडून घेतलेल्या शुल्कातून. इतर सगळे उपाय ठरवतात की पैसे कोणी द्यायचे. हा एकच उपाय द्यायची रक्कम घटवतो, आणि घर उभं राहिलं तर त्यातली माणसंही वाचतात.

कोकणाला हे परकं वाटू नये. 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात पत्रे आणि कौलं उडवली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. आपल्याकडे 2021 पासून भारत गृह रक्षा ही वादळ आणि पूर दोन्हींना धरणारी सोपी पॉलिसी सगळ्या साधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. पण कोकणातली बहुतेक घरं विम्याविना आहेत. तिथे वाऱ्याचा खर्च सरकारी मदत, मुंबईतला मुलगा आणि सावकार यांच्यात वाटला जातो, आणि उरलेला घरमालकाच्या अंगावर पडतो. हप्त्याचा कागद नसल्यामुळे तो किती, हे कोणी मोजत नाही.

फ्लोरिडा तीन दशकं आणि शेकडो अब्ज डॉलर खर्चून जे शिकलं, ते आपल्याला फुकट मिळतंय. मदतीचा धनादेश वादळानंतर लिहायचाच असतो, तो लिहायला हवाच. त्यातला एक हिस्सा वादळाआधी द्यावा, पत्रे वाशांना घट्ट धरून ठेवणाऱ्या हुकांसाठी, वासे भिंतीला बांधणाऱ्या पट्ट्यांसाठी, खिडक्यांच्या झडपांसाठी. आणि किनाऱ्यावर नवं बांधकाम मंजूर करताना त्या जागेवरच्या वाऱ्याचा हिशेब परवानगीच्या कागदावरच मांडावा. असा नियम पंचायतीत, तालुक्यात आणि विधिमंडळात मागायला हवा, आणि तो मागायला पुढच्या वादळाची वाट बघण्याची गरज नाही.